भयखेळांतील गुप्त लघुखेळ आणि दडलेले कथन : ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ या खेळमालिकेचा चिकित्सक अभ्यास

१. प्रस्तावना

छापील कादंबरीत लेखक एखादी गोष्ट वाचकापासून दडवून ठेवतो, तेव्हा ती काही पृष्ठांपुरतीच दडलेली असते. वाचक वाचत राहिला की ती त्याला कळतेच. व्हिडिओ गेम या माध्यमात मात्र कथेचा मर्मभाग अशा ठिकाणी ठेवता येतो की, खेळ पहिल्यापासून अखेरपर्यंत खेळूनही तो खेळाडूच्या दृष्टीस पडू नये. खेळ ‘पूर्ण’ झाला, पण कथा समजली नाही, ही स्थिती अन्य कथनप्रकारांत क्वचितच संभवते. एस्पेन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात अशा संहितांचा विचार केला आहे, ज्यांतून वाट काढण्यासाठी वाचकाला नुसती नजर फिरवून भागत नाही, तर प्रत्यक्ष श्रम करावे लागतात. व्हिडिओ गेममधील दडलेले कथन हे या श्रमाचे टोकाचे रूप होय.

मुख्य खेळाच्या पोटात ठेवलेल्या आणि नेहमीच्या मार्गाने सहसा न सापडणाऱ्या छोट्या खेळांना प्रस्तुत लेखात ‘गुप्त लघुखेळ’ असे म्हटले आहे. अभ्यासासाठी अमेरिकन खेळरचनाकार स्कॉट कॉथन यांची ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ ही मालिका निवडली असून २०१४ ते २०१७ या काळातील खेळांचा, त्यातही दुसऱ्या व तिसऱ्या भागांचा विशेष विचार केला आहे. गुप्त लघुखेळ म्हणजे चाणाक्ष खेळाडूला दिलेले बक्षीस, असा सर्वसाधारण समज आहे. या मालिकेच्या उत्तम भागांत मात्र ते बक्षीस नसून साक्ष आहेत. कंपनीने पुसून टाकलेल्या बालहत्यांची हकिगत ज्या एकाच ठिकाणी शिल्लक राहते ते ठिकाण म्हणजे हे लघुखेळ. त्यामुळे त्यांचे ‘गुप्त’ असणे हे बाह्य आवरण नसून आशयाचाच भाग ठरते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. त्याचबरोबर, ही युक्ती पुढे सवय बनली तेव्हा तिचे काय झाले, याचीही चिकित्सा केली आहे.

२. गुप्त दालनाची पूर्वपीठिका

व्हिडिओ गेममधील गुप्त दालनांचा इतिहास सांगताना ‘अटारी’ या कंपनीच्या ‘ॲडव्हेंचर’ (१९८०) या खेळाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. त्या काळी अटारीच्या खेळांवर रचनाकाराचे नाव छापले जात नसे. वॉरन रॉबिनेट या रचनाकाराने कंपनीला कळू न देता आपल्या खेळात एक दालन दडवून ठेवले. चक्रव्यूहात पडलेला, पार्श्वभूमीच्याच रंगाचा, जेमतेम दिसणारा एक ठिपका उचलून ठरावीक जागी नेला की भिंतीतून पलीकडे जाता येई आणि तेथे रचनाकाराचे नाव रंग बदलत झळके. हे दालन उघडकीस आले तेव्हा रॉबिनेट यांनी कंपनी सोडलेली होती. अशा दडवलेल्या गमतींना पुढे ‘ईस्टर एग’ हे नाव रूढ झाले. याहून आधीची उदाहरणे नंतर उजेडात आली असली, तरी या माध्यमातील गुप्ततेचा आद्य नमुना म्हणून ‘ॲडव्हेंचर’कडेच पाहिले जाते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गुप्त दालन ही मुळात करमणुकीची क्लृप्ती नव्हती. मालकाच्या नोंदीतून वगळलेले नाव परत लिहिण्याची ती रीत होती.

पुढील काळात, विशेषतः भयखेळांत, गुप्त भागाचे हे स्वरूप पालटले. ‘रेसिडेंट ईव्हिल २’ (१९९८) मध्ये उत्तम कामगिरी करणाऱ्यास ‘फोर्थ सर्व्हायव्हर’ हा स्वतंत्र खेळ खुला होई. ‘सायलेंट हिल’ (१९९९) मध्ये परग्रहवासीयांच्या उडत्या तबकडीचा, तर ‘सायलेंट हिल २’ (२००१) मध्ये कुत्र्याचा विनोदी शेवट दडवलेला होता. ही सर्व उदाहरणे मुख्य कथेपासून सुटी आहेत. ती काढून टाकली तरी कथेच्या अर्थात फरक पडत नाही; उलट भयाचा ताण सैल करून हसवणे हेच त्यांतील काहींचे प्रयोजन आहे. कॉथन यांच्या मालिकेने या प्रथेला वेगळे वळण दिले. तिच्यात गुप्त भाग वगळला, तर उरलेल्या कथेचा अर्थच उलटा लागतो.

३. पहाऱ्याचा खेळ आणि कंपनीचा आवाज

मालिकेचा पहिला भाग ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. घटनास्थळ म्हणजे मुलांच्या वाढदिवसांसाठी चालवले जाणारे एक पिझ्झा-रेस्तराँ. तेथे अस्वल, ससा, कोंबडी, कोल्हा अशी माणसाच्या आकाराची यांत्रिक बाहुली दिवसा गाणी म्हणून मुलांना रिझवतात. अशी रेस्तराँ अमेरिकेत प्रत्यक्षात होती. अटारीचे सहसंस्थापक नोलन बुशनेल यांच्या पुढाकाराने १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे ‘चक ई. चीज’ साखळीचे पहिले दालन उघडले होते. पिझ्झा, नाणी टाकून खेळावयाची यंत्रे आणि गाणारी यांत्रिक बाहुली हा त्रिवेणी संगम तेथूनच लोकप्रिय झाला. म्हणजे गुप्त दालन आणि बाहुल्यांचे रेस्तराँ या दोहोंची मुळे त्याच एका कंपनीच्या परिसरात सापडतात. कॉथन यांनी हा दुवा जाणीवपूर्वक साधला असो वा नसो, त्यांच्या मालिकेत या दोन गोष्टी पुन्हा एकत्र आल्या आहेत.

खेळाडूला रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची भूमिका दिलेली असते. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत एका खोलीत बसून कॅमेऱ्यांतून बाहुल्यांवर नजर ठेवावयाची, ती जवळ आली की दरवाजे बंद करावयाचे आणि मोजकीच वीज पुरवून वापरावयाची, एवढेच त्याचे काम. पाच रात्री जिवंत राहिल्यास आठवड्याच्या वेतनाचा १२० डॉलरचा धनादेश पडद्यावर दिसतो. भयाची ही रचना अत्यंत काटकसरीची असून तिच्यातच खेळाचे यश आहे. पहारेकऱ्याला जागचे हलता येत नाही; पाहणे आणि दार लावणे यापलीकडे तो काही करू शकत नाही.

या खोलीत माहिती देणारा आवाज एकच, दूरध्वनीवर ध्वनिमुद्रित केलेला. हा अनुभवी कर्मचारी नव्या पहारेकऱ्याला धीर देतो, बाहुल्या रात्री का फिरतात याचे तांत्रिक स्पष्टीकरण देतो आणि कंपनीचे निवेदनही वाचून दाखवतो. एखाद्या व्यक्तीस इजा अथवा मृत्यू झाल्यास नव्वद दिवसांच्या आत, किंवा जागा धुऊन-पुसून गालिचे बदलून झाल्यावर, ‘बेपत्ता’ अशी नोंद करण्यात येईल, असा त्या निवेदनाचा आशय आहे. हा भाग वरकरणी काळ्या विनोदाचा आहे. तथापि संपूर्ण मालिकेची गुरुकिल्ली त्यातच आहे. मृत्यूचे रूपांतर ‘बेपत्ता’ या नोंदीत करणारी व्यवस्था येथे स्वतःच्याच तोंडाने बोलत असते.

या अधिकृत आवाजाला पहिल्या भागात एकच प्रतिवाद आहे. बोळाच्या कोपऱ्यातील भिंतीवर एरवी नियमांचा फलक दिसतो. क्वचित, कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय, त्याच जागी वृत्तपत्रातील मजकूर दिसू लागतो. बाहुल्याचा वेश घातलेल्या एका इसमाने मुलांना मागील खोलीत नेले, एकूण पाच मुले नाहीशी झाली, त्यांचे देह सापडले नाहीत, पुढे बाहुल्यांना दुर्गंधी येऊ लागल्याची पालकांची तक्रार आली, असे त्या मजकुरातून तुकड्यातुकड्याने कळते. ज्याचे लक्ष केवळ जीव वाचवण्याकडे आहे, त्याला तो फलकच वाटत राहतो. नियमांच्या फलकामागे गुन्ह्याची बातमी दडलेली असणे ही प्रतिमा पुरेशी बोलकी आहे.

४. पराभवाच्या वाटेवरची साक्ष

नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात गुप्त लघुखेळ प्रथम अवतरतात. त्यांचे प्रवेशद्वार विलक्षण आहे. बाहुल्यांनी पहारेकऱ्याला मारल्यानंतर, तेही प्रत्येक वेळी नव्हे तर अधूनमधून, पडदा बदलतो आणि जुन्या अटारी यंत्रावरील खेळांसारखा ओबडधोबड ठिपक्यांचा एक खेळ सुरू होतो. जो खेळाडू कुशल आहे आणि मरतच नाही, त्याला हे खेळ दिसत नाहीत. जिंकणाऱ्याला धनादेश मिळतो, हरणाऱ्याला साक्ष मिळते. यशाची आणि ज्ञानाची वाट अशी परस्परांपासून तोडणे हा कॉथन यांच्या रचनेतील सर्वांत धाडसी निर्णय म्हणावा लागेल.

‘टेक केक टू द चिल्ड्रन’ या लघुखेळात अस्वलाच्या वेशातील पात्र खेळाडूच्या हाती असते. रेस्तराँमधील मुलांना केक देत राहावयाचे. उशीर झाला की मुलांचा रंग बदलतो. त्याच वेळी काचेपलीकडे, इमारतीबाहेर, एक मूल रडत उभे असते. जांभळ्या रंगाची गाडी येते, तिच्यातून जांभळी मानवाकृती उतरते आणि ते मूल मरते. अस्वलाची गती मंदावत जाते. खेळाडूने कितीही कळ दाबली तरी त्याला बाहेर जाता येत नाही. त्याचे हात आतल्या मुलांना वाढण्यात गुंतलेले असतात. ‘फॉक्सी गो! गो! गो!’ मध्ये कोल्हा दोनदा पडद्याआडून धावत मुलांच्या भेटीस जातो आणि मुले आनंदतात. तिसऱ्या वेळी मात्र सुरुवातीच्या खोलीतच जांभळी आकृती हसत उभी असते आणि पुढच्या दालनात पाच मुले निष्प्राण पडलेली असतात. खेळाडूने केलेली कृती तिन्ही वेळा तीच. बदलतो तो तिचा अर्थ. ‘गिव्ह गिफ्ट्स, गिव्ह लाइफ’ मध्ये एक बाहुली मृत मुलांना प्रथम भेटवस्तू आणि मग बाहुल्यांचे मुखवटे देते. या एका कृतीतून संपूर्ण मालिकेचे रहस्य उलगडते: रात्री पहारेकऱ्यावर चालून येणारी यंत्रे म्हणजे तीच मुले होत.

येथे भारतीय रसविचाराचा आधार घेणे उपयुक्त ठरते. मुख्य खेळाचा स्थायी भाव भय आणि रस भयानक, याविषयी दुमत होणार नाही. गुप्त लघुखेळात मात्र दचकवणाऱ्या शेवटाचा अपवाद सोडता भय मागे पडते आणि शोक पुढे येतो. नाट्यशास्त्रात भरताने करुण रसाची उत्पत्ती रौद्रापासून सांगितली आहे. रौद्र कर्माचे फळ ते करुण. कॉथन यांच्या खेळात मूळ रौद्र कर्म, म्हणजे हत्या, मुख्य खेळात कोठेही दिसत नाही. दिसते ते तिचे विकृत उत्तररूप, म्हणजे चालून येणारे यंत्र. गुप्त लघुखेळ ते रौद्र कर्म दाखवतो आणि त्यासरशी यंत्राविषयीचे भय करुणेत परिणत होते. लघुखेळ पाहून परतलेल्या खेळाडूवर यंत्र पुन्हा चालून येते तेव्हा समोर राक्षस नसून हाकलून दिलेले मूल आहे, हे त्याला ठाऊक असते. तरीही त्याला स्वतःला वाचवावेच लागते. या पेचातच खेळाचे नैतिक गांभीर्य आहे.

क्रियापदांच्या अंगाने पाहिल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. मुख्य खेळाची क्रियापदे पाहणे, लपणे, बंद करणे ही आहेत. सर्व क्रिया स्वतःच्या रक्षणासाठी. लघुखेळांत देणे हे क्रियापद वारंवार येते: केक देणे, भेट देणे, मुखवटा देणे. पात्रांच्या तोंडी फारसा संवाद नसताना, कोणतेही निवेदन नसताना, केवळ खेळाडूकडून काय करवून घेतले जाते यातून अर्थ घडतो. ठिपक्यांच्या ओबडधोबड चित्रणाचेही येथे प्रयोजन आहे. मुलांना चेहरे नाहीत आणि मारेकऱ्याला नाव नाही. वृत्तपत्रातील ‘पाच मुले’ या आकड्याप्रमाणेच ती ओळखहीन आहेत आणि ती ओळख हिरावली गेल्याची जाणीव चित्रणशैलीच करून देते.

या भागाची आणखी एक खुबी अखेरच्या धनादेशात आहे. त्यावरील तारखेत १९८७ हे वर्ष असल्याने, पुढची म्हणून खेळलेली कथा वस्तुतः आधीची होती, हे खेळाडूला उशिरा उमगते. वेतनाच्या कागदावरील तारीख हाच कथनाचा पुरावा ठरावा, हे कंपनीच्या दप्तराभोवती फिरणाऱ्या कथेस साजेसेच आहे.

५. भिंतीपलीकडे जाणे

मार्च २०१५ मधील तिसऱ्या भागात तीस वर्षांचा काळ लोटलेला आहे. जुन्या रेस्तराँची दुर्घटना आता करमणुकीचा विषय झाली असून त्या आठवणींवर एक ‘भयगृह’ उभारले जात आहे. मारेकऱ्याचे प्रेत पोटात असलेला सशाचा जीर्ण सांगाडा तेथे आणून ठेवला जातो. शोकांतिकेचा बाजार मांडणाऱ्या उद्योगावरील हे भाष्य स्वतः भयखेळालाही लागू पडते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

या भागात दोन प्रकारचे लघुखेळ आहेत. रात्रींच्या मधे येणाऱ्या लघुखेळांत बाहुल्या एकेक करून मोडल्या जातात आणि शेवटी मुलांच्या आत्म्यांपासून लपण्यासाठी मारेकरी सशाचा वेश चढवून त्यातच चिरडला जातो. हे खेळ शोधावे लागत नाहीत. त्यांत सूड पूर्ण होतो. केवळ एवढेच पाहिलेल्या खेळाडूला जो शेवट लाभतो, त्यात बाहुल्यांच्या मुखवट्यांतील डोळे अद्याप पेटलेले असतात. मारेकरी मेला तरी मुले सुटलेली नाहीत, असा त्याचा अर्थ.

सुटकेची वाट दुसऱ्या, खऱ्या अर्थाने गुप्त असलेल्या लघुखेळांतून जाते. पहारा देत असताना भिंतीवरील चित्र, खेळण्याचे जुने यंत्र, कोपऱ्यांतील छोटे केक, भिंतीच्या फरशा यांना योग्य प्रकारे स्पर्श केला की हे खेळ उघडतात. वरवर ते साधे खेळ आहेत आणि दाखवलेल्या दारातून बाहेर पडले की संपतात. परंतु खेळाडूने दार टाळून पडद्याच्या कडेबाहेर उडी मारली, घन दिसणाऱ्या भिंतीतून वाट काढली, तर खेळाच्या नकाशावर नसलेल्या पोकळीत एक रडणारे मूल भेटते. त्याला केक द्यावयाचा असतो.

दुसऱ्या भागातील ‘टेक केक टू द चिल्ड्रन’ येथे आठवल्याशिवाय राहत नाही. तेथे केक आत वाटला जात होता आणि काचेबाहेरचे मूल उपाशी मेले. येथे तोच केक भिंत ओलांडून बाहेरच्या मुलापर्यंत पोहोचतो. एका खेळात अशक्य केलेली कृती दुसऱ्या खेळात शक्य करून, तीही खेळाच्या चौकटीचा भंग करूनच शक्य करून, कॉथन यांनी दोन भागांमध्ये एक मूक अनुबंध साधला आहे. ‘ॲडव्हेंचर’मधील ठिपका घेऊन भिंतीतून पलीकडे जाणाऱ्या खेळाडूचा हा वारसा आहे, मात्र पलीकडे आता रचनाकाराचे नाव नसून विस्मरणात टाकलेले मूल आहे. अखेरचा ‘हॅपिएस्ट डे’ हा लघुखेळ म्हणजे कधीही साजरा न झालेला वाढदिवस होय. मुखवटे घातलेल्या मुलांच्या मेळाव्यातून बाहुली शेवटच्या रडणाऱ्या मुलापर्यंत जाते, त्याला मुखवटा देते आणि मग सर्वांचेच मुखवटे गळून पडतात व मुले नाहीशी होतात. यानंतरच्या शेवटात मुखवट्यांतील दिवे विझलेले असतात. मालिकेतील ही सर्वांत शांत आणि सर्वांत समर्थ जागा आहे.

सुडाची कथा सर्वांना दिसेल अशी ठेवणे आणि सांत्वनाची कथा दडवून ठेवणे, ही विभागणी अर्थपूर्ण आहे. मारेकऱ्याला शासन होणे पाहण्यासाठी पाच रात्री तग धरणे पुरेसे आहे. मृतांना शांती मिळण्यासाठी मात्र जीव वाचवण्याच्या धडपडीतून लक्ष काढून भिंतीवरच्या चित्राकडे पाहावे लागते. सहृदयता ही येथे मनाची अवस्था न राहता कृती बनते.

६. ध्वनी की प्रहेलिका?

या प्रशंसेला मर्यादा आहेत आणि त्या मालिकेच्या पुढील प्रवासात उघड होतात. ध्वनिविचारानुसार व्यंग्यार्थ दडलेला असला तरी वाच्यार्थातूनच सहृदयाला तेथवर पोहोचता येते. याउलट प्रहेलिका, म्हणजे कोडे, केवळ अर्थ अडवून धरते. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त प्रहेलिकेला अलंकाराचे स्थान नाकारले, कारण ती रसाच्या आड येते. गुप्त कथनाचे मूल्यमापन करताना हा निकष नेमका उपयोगी पडतो. त्यासाठी ‘कुलूप’ आणि ‘खोली’ यांत फरक करावा लागेल. तिसऱ्या भागातील कुलपे बरीचशी मनमानी आहेत. अमुक चित्राला दोनदा स्पर्श करावा हे कथेच्या अर्थातून सुचत नाही आणि बहुसंख्य खेळाडूंनी ती कुलपे स्वतः न उघडता इतरांच्या ध्वनिचित्रफितींत पाहिली, हे मान्य केले पाहिजे. तरीही कुलपांमागील खोली रिकामी नाही. म्हणून येथे कोड्याने रसाला विलंब लावला, त्याचा घात केला नाही.

जुलै २०१५ मधील चौथ्या भागात हे समीकरण बिघडले. त्यातील लघुखेळ रात्रींच्या मधे उघडपणे येतात आणि बाहुल्यांना भिणाऱ्या एका लहान मुलाचे वाढदिवसापूर्वीचे दिवस दाखवतात. थोरला भाऊ त्याला मुखवटा घालून घाबरवत राहतो. अखेर वाढदिवशी तो आणि त्याचे मित्र थट्टेने मुलाचे डोके यांत्रिक अस्वलाच्या जबड्यात धरतात आणि जबडा मिटतो. घरातील क्रौर्याचे हे चित्रण स्वतंत्रपणे हेलावून टाकणारे आहे. पण त्यासोबत दूरचित्रवाणी संचावर चमकून जाणारे १९८३ हे वर्ष, आधीच्या भागांतील १९८७ च्या चाव्याचा उल्लेख आणि अखेरीस दाखवलेली, कधीच न उघडलेली कुलूपबंद पेटी यांनी चर्चेची दिशाच बदलली. मुलाच्या भयाऐवजी चावा कोणत्या वर्षी घडला याचा हिशोब मुख्य झाला. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी रहस्यकथेत गुन्ह्याची आणि तपासाची अशा दोन कथा असतात असे दाखवून दिले आहे. येथे तपासाच्या कथेने गुन्ह्याच्या कथेला गिळून टाकले. तोपर्यंत साक्षीदार असलेली मुले आता पुरावा झाली. कुलूप उरले, खोली उरली नाही.

याला उत्तर म्हणून असा युक्तिवाद केला जातो की, सामूहिक तर्कवितर्क हेच या मालिकेचे खरे यश असून असंख्य खेळाडूंनी मिळून केलेले अर्थनिर्णयन ही नव्या माध्यमाची देणगी आहे. यात तथ्य आहे. विखुरलेले दुवे एकट्याला जुळवता येणार नाहीत अशीच त्यांची योजना होती आणि पुसलेला इतिहास अनेकांनी मिळून परत उभा करणे हे कथेच्या आशयाशी सुसंगतही आहे. तथापि सामूहिक तपासाचे मोल तो कशाचा शोध घेतो यावर ठरते. मारेकऱ्याचे नाव, त्याची वंशावळ आणि घटनांचा कालक्रम यांची जुळवाजुळव वाढत गेली, तसतशी मालिका मारेकऱ्याच्या कुटुंबाची गाथा बनत गेली आणि चेहरा नसलेली पाच मुले पुन्हा एकदा पार्श्वभूमीत ढकलली गेली.

डिसेंबर २०१७ मधील ‘पिझ्झेरिया सिम्युलेटर’ने हा तोल काही अंशी सावरला. येथे खेळाडू पहारेकरी नसून रेस्तराँचा चालक आहे. तो यंत्रे विकत घेतो आणि नफा-तोट्याचा हिशोब ठेवतो. त्याने घेतलेल्या खेळयंत्रांतीलच काही यंत्रांत गुप्त कथन आहे. ‘सिक्युरिटी पपेट’ या लघुखेळात पेटीत अडकलेली बाहुली बाहेर राहिलेल्या मुलाच्या शोधात भर पावसात निघते. पावसाने तिची हालचाल मंदावते, शेवटी ती सरपटत मुलाच्या निष्प्राण देहाशी पोहोचते आणि तिथेच पडून राहते. २०१४ च्या लघुखेळात काचेच्या आतून पाहिलेली घटना जणू तीन वर्षांनी काचेच्या बाहेरून पाहावयास मिळते. नवे रहस्य न वाढवता जुन्याच दुःखाकडे दुसऱ्या बाजूने पाहणे, आणि तेही हिशोबाच्या वहीत दडलेल्या यंत्रातून, ही योजना मालिकेच्या मूळ सामर्थ्याची आठवण करून देते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एमा टॅमी दिग्दर्शित चित्रपट प्रदर्शित झाला. चित्रपटात मृत मुले नायकाच्या स्वप्नांत येतात आणि बाहुल्यांचे रहस्य संवादातून सांगितले जाते. चित्रपट हे सर्व प्रेक्षकांना एकच क्रम दाखवणारे माध्यम असल्याने याला पर्याय नव्हता. पण या तुलनेतून एक गोष्ट सिद्ध होते. तीच माहिती सर्वांना आपोआप मिळाली की ती कथानकातील एक वळण ठरते. ती शोधावी लागली की शोधणाऱ्यावर तिची जबाबदारी येते. गुप्त लघुखेळाने साधलेला परिणाम म्हणूनच दुसऱ्या माध्यमात नेता आला नाही.

७. समारोप

एकंदरीत पाहता, ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ या मालिकेने व्हिडिओ गेममधील गुप्त भागाला त्याचे मूळ प्रयोजन काही काळ परत मिळवून दिले. अटारीच्या खेळातील गुप्त दालनात मालकाने वगळलेले नाव होते. या मालिकेतील गुप्त लघुखेळांत मालकाने ‘बेपत्ता’ ठरवलेली मुले आहेत. दूरध्वनीवरचा आवाज, नियमांचा फलक, वेतनाचा धनादेश ही अधिकृत कथनाची साधने आणि ठिपक्यांचे ओबडधोबड लघुखेळ हे दडपलेल्या कथनाचे साधन, अशी या मालिकेची मांडणी आहे. पराभवातून उघडणारे दार, चौकट मोडून गाठावे लागणारे मूल आणि ‘देणे’ या क्रियेचे प्राधान्य, या तीन घटकांमुळे भयानकाचे करुणात रूपांतर घडते. जेथे गुप्तता या रूपांतराला साहाय्य करते तेथे ती कलात्मक ठरते. जेथे ती केवळ कोडे म्हणून उरते तेथे ती त्याच कंपनीचे काम करू लागते, जिने मृतांना नोंदीतून काढून टाकले होते.

साहित्याच्या अभ्यासकांनी या माध्यमाकडे पाहताना खेळाडू खेळ किती वेळात जिंकतो यापेक्षा खेळ त्याला कशासाठी थांबवतो, हा प्रश्न विचारावयास हवा. तिसऱ्या भागातील पहारेकऱ्यासमोर सशाचा सांगाडा चालून येत असताना भिंतीवर एक चित्र टांगलेले असते. त्याकडे वळून पाहणे धोक्याचे असते, आणि तिकडे न पाहणाऱ्याच्या हाती सूड लागतो, मुलांची सुटका लागत नाही.